मागच्या खोलीचं कुलूप

आमच्या घरात भुताखेतांचं खातं आईकडे आहे. लिंबू उतरवणं, मीठ-मोहऱ्या, अमावस्येला नखं न कापणं... सगळं ती बघते. मी नर्स. सुरतेच्या पांडेसऱ्यात वाढले, वडील डाइंग मिलमध्ये, शाळेत गुजराती आणि घरात अहिराणी. कुणाच्या अंगात आलं की मी आधी त्याचं बीपी बघते. तेव्हा हे वाचून कुणी मला देवभोळी म्हणणार असेल तर आधीच सांगते, मी नव्हते. आता काय आहे ते मलाही माहीत नाही.

माझी नोकरी सुरत जिल्ह्यातच, पण मांडवीच्याही पलीकडे, उसाच्या पट्ट्यातल्या एका सरकारी दवाखान्यात. गावाचं नाव लिहीत नाही, अजून तिथेच कामाला जाते. एक डॉक्टर, मी, आणि जशुबेन नावाच्या आयाबाई. सीझनमध्ये आजूबाजूच्या शेतांत ऊसतोड मजुरांचे पडाव पडतात, म्हणजे ताडपत्रीच्या झोपड्यांची वस्तीच. त्यातले बरेच साक्री-नंदुरबारकडचे. मी अहिराणी बोलते हे कळल्यापासून साधा खोकला झाला तरी मलाच शोधत येतात.

दोन सीझनमागची गोष्ट. सकाळी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून मनीषाला आणलं. पहिलटकरीण, विशीतली. बरोबर नवरा भाईदास आणि सासू धुरपताबाई. आदल्या दिवसापर्यंत पोरगी ऊस तोडत होती. कळा चांगल्या येत होत्या. दुपारपर्यंत मोकळी होईल असं मी सांगितलं आणि तेव्हा मला तसंच वाटत होतं.

दुपार झाली आणि सगळं अडलं. कळा येताहेत, बाळ पुढे सरकत नाही. डॉक्टर तालुक्याला मीटिंगला गेलेले, त्यांनी फोनवर सांगितलं, पाठवून दे. १०८ ला फोन केला. गाडी निघाली होती, पण रस्त्यात उसाचा ट्रक कलंडलेला आणि मागे रांग. म्हणजे वाट बघण्याशिवाय माझ्या हातात काही नव्हतं.

धुरपताबाईंनी मात्र वाट बघितली नाही. आधी मनीषाची वेणी सोडली. मग स्वतःची. गाठोड्याच्या गाठी सोडल्या, डब्याचं झाकण काढलं, भाईदासच्या हातातला दोरा काढायला लावला. मग दवाखान्याकडे वळल्या. खिडक्या, ड्रॉवर, औषधांचं कपाट... दिसेल ते उघडत सुटल्या.

"माय, हे काय चालवलंय?" मी विचारलं.

"बाई अडनी का घरमा काहीच बांधेल नको, बंद नको. तू बी तुना केस सोड."

माझा अंबाडा पिना लावून घट्ट बसवलेला. मी हसून नकार दिला. पण त्या लशींच्या फ्रिजकडे गेल्या तेव्हा ओरडलेच. "त्याला हात लावू नका! वर्षभराच्या लशी आहेत त्यात!" धुरपताबाई अजिबात रागावल्या नाहीत. फ्रिजला नमस्कार केला आणि पुढे गेल्या.

मागे एक खोली आहे. पूर्वीचं प्रसूतिगृह म्हणे. माझ्या आधीपासून तिला कुलूप आहे, पितळी, जाडजूड. चावी कुणाकडे आहे हे कुणालाच माहीत नाही. आत मोडकं टेबल आणि उंदीर, एवढंच जशुबेन सांगत. धुरपताबाई त्या कुलपापुढे थांबल्या.

"ह्यानी चावी?"

"नाही आमच्याकडे."

"मंग फोड."

सरकारी कुलूप मी कसं फोडणार? मी त्यांना हाताला धरून आत आणलं आणि मनीषाचं डोकं मांडीवर घेऊन बसवलं. तेवढ्यात बाळाचे ठोके बघितले. ठोके उतरत होते. पुन्हा ऐकले. आणखी उतरले. मनीषा माझ्या मनगटाला धरून एवढंच म्हणत होती, "ताई, काढ ना... काढ ना." मला जे येत होतं ते सगळं करून झालं होतं. रडू येत होतं, पण ती माझ्याच तोंडाकडे बघत होती म्हणून रडताही येईना.

त्या वेळी आवाज आला. टक्क.

मागच्या खोलीसमोरच्या नळावर बादली भरत असलेल्या जशुबेन धावत आल्या. "बेन! ताळुं खुली गयुं! एनी जाते!" कुलूप आपोआप उघडलं, असं त्या सांगत होत्या. मी त्यांच्याकडे मान वळवणार तोच मनीषानं जोर केला आणि डोकं बाहेर. पुढचं सगळं क्षणात झालं. मुलगी. रडली, चांगली खणखणीत रडली.

धुरपताबाई पूर्ण वेळ माझ्यासमोर होत्या. भाईदास फाटकाबाहेर रस्त्याकडे डोळे लावून उभा. त्या कुलपाजवळ कुणीही नव्हतं. पण तेव्हा याचा विचार करायला वेळ कुठे होता? वार पडली आणि रक्त सुरू झालं. थांबेना.

मी इंजेक्शन दिलं, सलाइन जोरात सोडलं, पोट चोळत राहिले. धुरपताबाईंनी बाळ ओढणीत गुंडाळलं आणि उठल्या. आता उलट सुरू. खिडक्या बंद, ड्रॉवर बंद, डब्याला झाकण, केसांना गाठ. "आते समदं बंद कराले पाहिजे. नहीतर रगत थांबाव नही." सगळं बंद झालं. राहिलं एक, मागच्या खोलीचं कुलूप. ते लागेना. मला त्यांचा आवाज येत होता. दाबताहेत, पुन्हा दाबताहेत. जशुबेननी दाबून बघितलं, भाईदासनं दगडानं ठोकलं. दांडी आत जाई आणि परत उसळून वर येई.

शेवटी धुरपताबाईंनी दार लोटून घेतलं आणि दाराला पाठ लावून खाली बसल्या. नात मांडीवर.

रक्त कमी झालं. मी मनातल्या मनात माझ्या इंजेक्शनला शाबासकी दिली.

गाडी आली. मनीषाला चढवलं, भाईदास पुढे बसला, मीही निघाले. धुरपताबाईंना हाक मारली तर त्या जागच्या हलल्या नाहीत. "मी उठनू त ती जाई. तुमी जा." वाद घालायला वेळ नव्हता. बाळ ठणठणीत होतं, जशुबेन होत्या. आम्ही निघालो.

गाडीत मनीषा बोलत होती. मुलगी कुणासारखी दिसते विचारलं. मी म्हटलं, तुझ्या सासूसारखी, हट्टी. ती हसली. सुरतेच्या मोठ्या हॉस्पिटलला पोचलो असतो तर ती वाचली असती, असं मी आजही म्हणते. पण मध्येच, काही कारण नसताना, पुन्हा धार लागली. गाडीवरच्या मदतनीस भाऊंनी आणि मी मिळून जे जे करता येतं ते केलं. एका हातानं पोट दाबत मी दुसऱ्या हातानं जशुबेनना फोन लावत होते. का लावत होते हे मला कुणी विचारू नका. उसाच्या त्या शेतांत रेंज येत नव्हती. मोठ्या रस्त्याला लागल्यावर फोन लागला.

"धुरपताबाई बसल्यात ना?"

"ना बेन, ए तो ऊठ्यां. में ज ऊठाड्यां, चा पीवा. सवारथी भूख्यां हतां बिचारां."

सकाळपासून उपाशी बाई. जशुबेननी हाताला धरून चहा प्यायला उठवलं. यात त्यांचं काय चुकलं? मी फोनवर किंचाळले, "त्यांना परत बसवा! दाराला पाठ लावून बसवा!" सरकारी नर्स, युनिफॉर्ममध्ये. गाडीतले भाऊ माझ्याकडे बघतच राहिले. जशुबेननी बसवलं. धुरपताबाई बसल्याही. पण काही उपयोग झाला नाही. सुरतेजवळच्या कडोदऱ्याच्या अलीकडेच मनीषाचा हात माझ्या हातात सैल पडला.

कागदावर कारण स्पष्ट आहे. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव असा थांबून पुन्हा सुरू होऊ शकतो. डॉक्टरांनी तेच सांगितलं, मीही कुणाला तेच समजावीन. कुलूप जुनं होतं, गंजलेलं असेल, दार ओढलं-ढकललं गेलं असेल, हेही ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी जशुबेननी ते सहज दाबलं तर एका दाबात लागलं. तेव्हापासून उघडलेलं नाही.

पण हे लिहायला मी बसले ते कुलपासाठी नाही. संध्याकाळी परत आले तेव्हा धुरपताबाई तशाच दाराला टेकून बसलेल्या होत्या. मला एकटीला बघून त्यांना कळलं. रडल्या नाहीत. एवढंच विचारलं, "बाई, खरं सांग. मी उठनू म्हनीसन गई का ती?"

"नाही माय," मी म्हटलं. "त्याच्या आधीच गेली होती."

वेळेच्या हिशेबानं हे खोटं होतं, ते मला तेव्हाही माहीत होतं. पण त्यांनी जे विचारलं होतं, त्याचं खरं उत्तर काय, हे मला आजही माहीत नाही.