वळसेमामा

वळसेमामा कधी सरळ चालत नसत. वरवंडच्या मागच्या माळावर ते वनखात्याचे गार्ड होते आणि दौंडच्या ऑफिसात मी कारकून. पावसाळ्यात त्यांच्याबरोबर माळावर गेलं, की हाकेच्या अंतरासाठी मैलभर तंगडतोड व्हायची. मध्ये कुठेतरी माळढोकाची मादी उघड्या जमिनीवर एकुलतं एक अंडं उबवत बसलेली असायची आणि मामा तिच्या पार लांबून जायचे. ही खोड इतकी अंगात मुरली होती, की दौंडच्या बाजारातही ते कडेकडेनं चालत. त्यांचं खरं आडनाव फक्त पगारपत्रकावर उरलं होतं.

मेंढपाळांनाही त्यांनी हीच शिस्त लावली होती. अंडं दिसलं की मेंढरं वळवायची आणि मामांना येऊन सांगायचं, पण तिकडे बोट करायचं नाही. मी एकदा हट्टच धरला, की मला एकवार ते अंडं दाखवा. मामा म्हणाले, "भाऊसाहेब, तुमाला ते बगायचंय का जगवायचंय? दोन्ही न्हाई जमायचं." मला तेव्हा त्यांचा चांगलाच राग आला होता.

मग सरकारनं माळ राखीव केला आणि परदेशातली एक संस्था पक्ष्यासाठी मदत द्यायला तयार झाली. आमचे साहेब हरखले. "नुसतं गवत बघून कोण खूश होणार? काहीतरी केलेलं दिसलं पाहिजे," असं म्हणून त्यांनी माळभर निलगिरी लावायचं ठरवलं. तो प्रस्ताव मीच टाइप केला. मदत आली, तिच्यातून जीप आणि दुर्बीण आली. जीप साहेबांच्या बाईंना पुण्याला खरेदीला नेऊ लागली. दुर्बिणीतून साहेबांची मुलं स्टेशनातल्या गाड्या बघू लागली. आणि माळावर खड्डे पडले. आजही ते आठवलं की मला शिसारी येते.

मामांनी एरवी कधी साहेबांसमोर तोंड उघडलं नव्हतं. तेव्हा मात्र ते ऑफिसात येऊन टोपी हातात घेऊन उभे राहिले. "सायेब, झाडं नगा लावू. ह्यो पक्षी लांबवर दिसलं तरच बसतोय. आन् फांदी झाली म्हंजी कावळा बसनार, त्येला वरनं अंडं दिसनार." साहेब माझ्याकडे बघून हसले. म्हणाले, "आता गार्ड आपल्याला जंगल शिकवणार!" मीही हसलो. न हसून चालण्यासारखं नव्हतं, असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो.

दोन पावसाळ्यांनंतर, झाडं पुरुषभर वाढल्यावर, संस्थेचा माणूस पाहणीला आला. उंच, गोरा, उन्हानं लाल झालेला, पण मनानं सरळ. ऑफिसात त्यातल्या त्यात इंग्रजी मला येत होतं, म्हणून दुभाष्याचं काम माझ्याकडे आलं. त्यानं साहेबांना सोडून थेट मामांनाच विचारलं, की तुम्हाला काय वाटतं?

मामा माझ्याकडे वळले. "भाऊसाहेब, त्येला सांगा, ही सगळी झाडं उपटा. गेल्या वर्सी तीन अंडी कावळ्यांनी फोडली, औंदा एक बी मादी आली न्हाई. मदत द्यायची तर माळ हाय तसा ठेवायला द्या म्हनावं."

साहेब माझ्याकडे टक लावून बघत होते. माझी बढती त्यांच्या टेबलावर होती. मी इंग्रजीत म्हणालो, "तो म्हणतो, आपले फार आभार. झाडांमुळे माळाला शोभा आली."

पाहुणा खूश झाला. त्यानं मामांचा हात दोन्ही हातांत धरून जोरात हलवला. मामांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना वाटलं, त्यानं कबूल केलं.

पुढे दर पगाराला ते विचारायचे, "गोऱ्या सायबाचा कागद आला का वो?" मी नाही म्हणायचो. "येईल. लांबनं यायचाय," असं म्हणून ते सही करायचे. तोवर माळावर माळढोक उरला नव्हता. मामा मात्र निलगिरीतनंही जुन्या जागांना वळसा घालूनच फिरत, मादी परत येईल म्हणून.

निवृत्त होऊन कवठे येमाईला जाताना ते माझ्यासाठी घरच्या बाजरीची पिशवी घेऊन आले. म्हणाले, "कागद न्हाई आला तर न्हाई. पर तवा तुमी माजं बोलनं त्येच्यापातुर पोचवलं, ह्ये मी इसरनार न्हाई." मी पिशवी घेतली.

वर्षभरानं शिरूरच्या एसटी स्टँडवर ते मला दिसले. थकले होते, पायरीवर बसून गाडीची वाट बघत होते. माझी गाडी त्यांच्या पलीकडेच लागली होती. मी स्टँडच्या मागून, मुताऱ्यांच्या बाजूनं, लांबचा वळसा घालून गाडीत जाऊन बसलो.