तळाशी माझे नाव

अर्जदार : मी, अर्जनवीस, बोदवड, लोक मला नाना म्हणतात. जिच्यावर अन्याय झाला ती : वैशाली, माझ्याकडे संगणकावर कामाला होती. साक्षीदार : शेजारी मुद्रांक विकणारे आबा. विषय : आजवर कोणालाही न सांगितलेली गोष्ट.

माझे शिक्षण नववीपर्यंत. तरीही तहसील कचेरीच्या आवारात माझ्या मजकुराला मान आहे, हे नमूद करणे आवश्यक आहे. आमच्यात रीत अशी की, अर्जाच्या तळाशी 'लिहिणार' म्हणून अर्जनवीसाने आपले नाव घालावे. ती रीत मी कधी मोडली नाही — दुर्दैवाने.

वैशालीने माझ्याच बाकड्यावर बसून एक प्रोग्राम लिहिला. नाव, गाव, गट क्रमांक भरला की अर्ज तयार. वाक्ये माझ्या जुन्या अर्जांतली, हे खरे. पण कोणत्या प्रकरणाला कोणता मजकूर, कोणते कागद, हे यंत्राला शिकवले तिने. तिने विचारले होते, "नाना, खाली माझं नाव टाकू का? बारीक अक्षरात?"

मी म्हणालो, "लिहिणार एकच असतो, पोरी."

प्रोग्रामबद्दल तहसीलदार साहेबांनी माझा सत्कार ठेवला. शाल मी घेतली. आबा म्हणाले, "नाना, माऊस तं उलटा धरतो तू, अन् प्रोग्राम कवा लिव्हला?" सगळे हसले. वैशालीही हसली. मीही हसलो — कशाला?

एवढ्यावर थांबलो असतो तर? नाही थांबलो. जळगावच्या एका कंपनीने तिला नोकरीसाठी बोलावले. तिने हाच प्रोग्राम दाखवला, आणि तळाशी निघाले माझे नाव. त्यांनी खात्रीसाठी मला फोन केला.

मी म्हणालो, "वैशाली? ती टायपिंग करायची."

तिकडे फोन स्पीकरवर होता. ती त्यांच्यासमोरच बसली होती, हे मला नंतर कळले.

नोकरी मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी ती आपला डबा न्यायला आली. "टायपिंग बी करतच होती मी, नाना," एवढेच म्हणाली. पुन्हा आली नाही.

ते नाव काढावे असे रोज वाटते. पण ते यंत्रात कुठे असते? मला सापडत नाही. दुसऱ्या कोणाला दाखवावे, तर प्रोग्राम माझा नाही हे आधी सांगावे लागेल — आणि तोंड उघडत नाही. रोज अर्ज निघतात. प्रत्येकाखाली मी.

अर्जाच्या शेवटी विनंती असावी लागते. ती जागा कोरी सोडली आहे. हा कागद यंत्रातून काढलेला नाही, हाताने लिहिला आहे.

लिहिणार : मी स्वतः.