अक्काच्या येसराची पावती

स्वयंपाकावरून सगळ्यात जास्त भांडलेला आणि स्वयंपाकघरात सगळ्यात कमी पाय ठेवलेला माणूस साऱ्या परभणी जिल्ह्यात एकच, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या नशिबी आला. आमचे दाजी सेलूला इंग्रजी शिकवून रिटायर झाले. लोक रिटायर झाले की देवदेव करतात, शेतात जातात. यांनी काय करावं? अडीचशे-तीनशे वर्षांपूर्वी विलायतेत छापलेली स्वयंपाकाची आणि घर सांभाळायची पुस्तकं कॉम्प्युटरवर काढून वाचायला घेतली. बरं, वाचा बापडे! पण हे वाचणार आणि चिडणार. "अर्धं पुस्तक दुसऱ्याचं ढापलंय, लाज न्हाई वाटत?" असं कधीच्या काळी मेलेल्या माणसावर ओरडणार, आणि दचकून अक्काच्या हातची पळी खाली पडणार.

त्या पुस्तकांत पाककृतीला 'रिसीट' म्हणत, म्हणून दाजी 'पावती' म्हणतात. माझ्याकडं जेवायला आले, की भरल्या वांग्यावर बोट ठेवून विचारायचं, "याची पावती हाय का?" माझ्या नव्या जावयानं बिचाऱ्यानं भाजीवाल्याचं नाव सांगितलं. जुन्या छपाईतलं एस एफसारखं दिसतं, तर सुरुवातीला कितीतरी दिवस यांच्या चहात 'फुगर' कमी पडायची. खोकला झाला तेव्हा त्याच पुस्तकातून गोगलगायीच्या पाण्याचा उतारा काढला. अक्का म्हणाली, "आणा, आधी तुमालाच पाजते." आणि 'करी'ची पावती सापडली त्या दिवसाचं तर विचारूच नका. देवगाव फाट्यावर, भर हॉटेलात, भजी खाता खाता कडाडले, "नुसते धणे आन् मिरे! हळद न्हाई, तिखट न्हाई, आन् म्हणे हिंदुस्थानी पद्धत! फसवायलेत लोकांला!" हॉटेलवाल्याला वाटलं, त्याच्याच भज्यांवर चाललंय. त्यानं गपचूप दुसरी प्लेट आणून ठेवली.

पण खरा राग वेगळाच. त्यातल्या कितीतरी पुस्तकांवर लिहिणारीचं नावच नाही, नुसतं 'एका बाईने लिहिलेले'. "एक बाई म्हंजे कोण? तिला आईबापानं नाव ठेवलं नव्हतं का?" असं म्हणताना दाजींच्या डोळ्यांत खरंच पाणी यायचं.

मागच्या संक्रांतीला गावातल्या महिला मंडळानं पदार्थांचं पुस्तक काढायचं ठरवलं. अक्काचं येसर, म्हणजे डाळी-धान्यं आणि मसाले भाजून दळलेलं आमटीचं पीठ, लोक झरी-वालूरपर्यंत मागून नेतात. त्याला पहिलं पान मिळालं. छापायच्या आधी मंडळाच्या बाई ते पान दाखवायला घरी आल्या, मी तिथंच होते. येसराखाली लिहिलेलं, 'एक गृहिणी'. झालं! दाजी ताडकन उठले. "तुमी आन् ते इंग्रज सारखेच! नाव टाका, नाव!"

बाई घाबरल्या. "सर, आमी सगळ्याजणी त्यांना सरांच्या मिसेसच म्हणतो. सांगा ना, काय टाकू?"

"वासंती!"

"ते माझं न्हाई," अक्का आतून म्हणाली. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीनं दाजींनीच लिहिलेलं ते नाव. "येसर मी माह्या आईपाशी शिकले. तवा माझं नाव येगळं होतं. टाकायचं तर ते टाका."

बाईंनी पेन उघडून दाजींकडं पाहिलं. दाजींनी तोंड उघडलं, पण नाव काही येईना. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. असा संताप आला म्हणता! सातासमुद्रापलीकडच्या बायांच्या नावासाठी रडणारा माणूस, आणि घरातल्या बाईचं नाव पुसून वर विसरूनही बसलेला! मला ते ठाऊक होतं, पण मी मुद्दाम सांगितलं नाही. "तिलाच विचारा की, दाजी," म्हटलं.

दाजी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी गेले. इतक्या हळू आवाजात बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "तुझं नाव काय होतं गं?"

अक्कानं तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "द्वारका."

पुस्तक निघालं, त्यात तेच नाव आहे. आता दाजी उठता-बसता "द्वारका, द्वारका" करतात. पहिल्या हाकेला अक्का ओ देत नाही. रुसून नव्हे हो, तिला कळतच नाही. त्या नावानं हाक मारणारी आमची आई जाऊन फार वर्षं झाली, आणि मीही जन्मभर अक्काच म्हणत आले. एरवी चहाला उशीर झाला तरी घर डोक्यावर घेणारे दाजी याला मात्र चिडत नाहीत. उंबऱ्याशी उभे राहून पुन्हा हाक मारतात.