पिस्तुलाचा परवाना आणि कुडपणचा अर्ज

नाळ कापायची परवानगी मिळण्याआधी मला दोन परीक्षा द्याव्या लागल्या. एक लेखी आणि एक हाताने करून दाखवायची. दुसरीत परीक्षा घेणाऱ्या मडमेने माझी नखे तपासली, कात्री किती वेळ उकळली ते विचारले, आणि मूल पायाळू निघाले तर काय करशील, यावर मला अर्धा तास उभे धरले. तेव्हा मला तिचा राग आला होता. पुढे पंधरा वर्षे बाळंतपणे केल्यावर कळले की बाई बरोबर होती. ज्या हाताच्या चुकीने माणूस मरू शकतो, तो हात आधी कोणीतरी बघितलाच पाहिजे.

माझ्या धाकट्या दिरांना पिस्तुलाचा परवाना मिळाला तेव्हा त्यांचा हात कोणीच बघितला नाही. दीर महाडात वकिली करीत. नवरा गेल्यावर मी त्यांच्याच घरी राहत होते आणि दवाखान्यात सुईणीची नोकरी करीत होते. दिरांनी अर्जात लिहिले होते की अशिलांच्या कामासाठी पोलादपूरकडे घाटरस्त्याने जावे लागते, जिवाला धोका असतो. नुकत्याच सुरू झालेल्या मोटारीतून ते जात, आणि त्यांना धोका असलाच तर ओकारीचा. कचेरीने चौकशी केली ती अशी: घर स्वतःचे आहे काय, सारा वेळेवर भरतात काय, गृहस्थ सभ्य आहेत काय. तिन्हींचे उत्तर होय असे गेले. कलेक्टरसाहेबांनी सही केली. पिस्तुलातली गोळी कोणत्या टोकाने बाहेर येते एवढेदेखील कोणी विचारले नाही.

पिस्तूल मुंबईहून आणले. सहाबारी, काळे, कुळकुळीत. दुकानदाराने काडतुसे कशी भरायची ते दाखवले. ती काढायची कशी हे दाखवीपर्यंत दीर थांबले नाहीत, कारण बोटीची वेळ झाली होती. घरी येऊन त्यांनी सहाही भरली आणि पिस्तूल कपाटात ठेवले. येणाऱ्याजाणाऱ्याला ते कपाट उघडून दाखवण्यात त्यांचा पावसाळा गेला.

त्याच पावसाळ्यात पोलादपूरच्या डोंगरावरल्या कुडपणचा एक शेतकरी त्यांच्याकडे खेटे घालत होता. त्याच्या बायकोची दोन बाळंतपणे मी केली होती, म्हणून ओळख. त्याच्या बापाकडे ठासणीची बंदूक होती, रानडुकरांपासून पीक राखायला सरकारनेच परवानगी दिलेली. बाप आषाढात वारला. परवाना बापाच्या नावाचा, म्हणून बंदूक पोलादपूरला ठाण्यात जमा झाली. ती परत मिळायला स्वतःच्या नावाने अर्ज हवा, आणि अर्जाला एका प्रतिष्ठित गृहस्थाची शिफारस. वर पठारावर नाचणी आणि वरी निसवायला लागली होती. डुकरांचा कळप एकदा शेतात शिरला की सकाळी फक्त चिखल उरतो. त्याच्या घरात सात माणसे खाणारी होती.

दीर त्याला ओटीखाली उभा करून व्याख्यान देत.

"अरे, बंदूक म्हणजे काय खेळणं आहे? तुम्हां लोकांची आधी परीक्षा घेतली पाहिजे. कायद्यात तशी तरतूदच हवी."

"घ्या की सायेब. आत्ता घ्या."

"मी कशी घेणार?"

"मग कोन घेनार?"

दीर म्हणत, पुढच्या आठवड्यात ये. तो पोलादपूरपर्यंत डोंगर उतरून पायी यायचा, पुढे मोटार मिळाली तर मोटार, नाहीतर तेही पायीच. असा तो तीनदा येऊन गेला.

चौथ्यांदा आला तो दसऱ्याला, दुपारी, नाचणीच्या कणसांची जुडी घेऊन. ओटीवर चौरंग मांडला होता. त्यावर दिरांची कायद्याची पुस्तके आणि मध्यभागी पिस्तूल, झेंडूचा हार घातलेले, हळदकुंकवाने माखलेले. काडतुसे आतच होती. रिकामे शस्त्र पुजणे अशुभ, असा शोध दिरांनी लावला होता. काढता येत नव्हती हे त्यांनी सांगितले नाही. कचेरीतले एक कारकून सोने द्यायला आले होते. हत्यारांच्या परवान्यांचे रजिस्टर याच गृहस्थांच्या टेबलावर असे.

"बघू तरी कसं चालतं," कारकून म्हणाले.

दिरांनी हार काढला, पिस्तूल उचलले आणि अंगठ्याने घोडा मागे ओढला. तो कट्‌ करून मागे बसला आणि तिथेच राहिला.

"आता?"

"आता तो आपोआप खाली येतो," दीर म्हणाले.

"कधी?"

दिरांना घोडा सोडता येईना, पिस्तूल खाली ठेवता येईना. कोर्टात हातवारे करत बोलायची सवय असल्याने ते बोलताना पिस्तूलही हलत होते. कधी ते माझ्याकडे वळे, कधी आतल्या दाराकडे. दारात जाऊबाई पुरणाचे ताट घेऊन उभी होती. मी तिला म्हटले, "मागच्या अंगणात जा."

"का हो?"

"आधी जा. मग विचार."

कारकून उठले. "मला वाटतं, पुढच्या आळीत सोनं द्यायचं राहिलंय," असे म्हणून ते उतरले आणि खांबाआड जाऊन उभे राहिले.

कुडपणचा तो अंगणातून हलला नव्हता. शांतपणे म्हणाला, "सायेब, चापावरचं बोट भायेर काढा. नळी मातीकडं करा."

"तू ये. तूच घे हे," दीर म्हणाले.

"मी नाय. माजा अर्ज कचेरीत पडलाय. बिनपरवान्याचं हत्यार हातात धरलं तर उद्या माज्यावरच कागद यायचा."

"ते खरं आहे," खांबाआडून कारकून म्हणाले.

मग मी पुढे झाले. दीर म्हणाले, "वहिनी, तुम्हांलाही परवाना नाही."

"बरं, तुम्हीच धरून बसा."

त्यांनी पिस्तूल लगेच माझ्या हातात दिले.

"अंगठा पुसा, बाय," तो म्हणाला. "कुंकवानं सरकंल. घोडापण पुसा. आता अंगठ्यानं घोडा घट्ट धरा. धरलाव? आता चाप हळू दाबा. घोडा सुटंल, पन सोडायचा नाय. हळू खाली न्या. घाई नाय."

घोडा वासरासारखा ओढ घेतो. मी तो अंगठ्याखाली धरून खाली टेकवला. मूल बाहेर येताना डोके जसे आवरून धरावे लागते, तसेच ते होते. सुटू द्यायचे, पण सोडायचे नाही.

"गोळ्या कशा काढायच्या?" मी विचारले.

"ते मला ठावं नाय. आमचीला येकच नळी, वरनं ठासायची. ठावं नाय ते सांगनार नाय."

त्या ओटीवर त्या दिवशी बोलले गेलेले शहाणपणाचे वाक्य तेवढेच. पिस्तुलाच्या खोक्यात इंग्रजी छापील कागद होता, पावसाळाभर तसाच घडी घातलेला. दिरांनी तो कोर्टातल्या आवाजात वाचून दाखवला, मी खटका दाबला, आणि सहा काडतुसे माझ्या पदरात पडली.

मग मी दौत आणली. शिफारसपत्र मी लिहिले आणि शेवटी घातले: 'सदर इसमास हत्यार सुरक्षित हाताळण्याचे ज्ञान आहे, हे मी समक्ष पाहिले आहे.' दिरांनी सही केली. त्या दुपारी मी धोब्याची यादी पुढे केली असती तरी त्यांनी तीवर सही केली असती.

तीन आठवड्यांनी कचेरीतून कागद परत आला. 'अर्जदारास परवाना नसताना हत्यार हाताळण्याचे ज्ञान कोठे व कसे प्राप्त झाले, याचा समाधानकारक खुलासा व्हावा.' अक्षर त्याच कारकुनांचे. मी दवाखान्यातून तडक कचेरीत गेले.

"तुम्ही स्वतः तिथं होता," मी म्हटले.

"मी तिथं खाजगी भेटीला होतो, बाई. हा कागद सरकारी आहे."

"मग खुलासा काय लिहू?"

त्यांनी आवाज खाली केला. "खुलासा कशाला? ज्ञानाचं वाक्यच काढून टाका. ज्ञान कोणी मागितलेलं नाही. इसम माहितीतला आहे, वर्तन चांगलं आहे, एवढं लिहा."

वाक्य काढले, दिरांची पुन्हा सही घेतली. मंजुरी यायला आणखी तीन आठवडे गेले.

मधल्या काळात दिरांनी काडतुसे मागितली. मी म्हटले, रिकाम्या पिस्तुलाचा घोडा माझ्यासमोर दहा वेळा चढवा आणि दहा वेळा उतरवा, मग देते. ते म्हणाले, तुम्ही म्हणजे सरकार नाही. मी म्हटले, म्हणूनच विचारते आहे. काडतुसे माझ्या पेटीत कात्रीशेजारी राहिली. दरसाल ते पिस्तूल कचेरीत नेत. तिथे त्याचा नंबर रजिस्टरशी ताडून बघत, दिरांना खुर्ची देत आणि परवाना वाढवून देत. परीक्षेला बसायला ते माझ्यापुढे शेवटपर्यंत आले नाहीत.

कुडपणच्या माणसाला बंदूक मिळाली त्या दिवशी मी एका बाळंतिणीसाठी पोलादपूरला होते. ठाण्यासमोर तो भेटला.

"पीक?" मी विचारले.

"वरी गेली, बाय. सगळी. नाचनी निम्मी हाय."

शिपायाने बंदूक आणून दिली. "रिकामी हाय, मी बघितली," तो म्हणाला.

कुडपणच्याने मान हलवली, तरी नळी वर करून ठासायचा गज आत घातला, तो रिकाम्या तळाशी टेकल्याचा आवाज ऐकला, घोडा चढवला, अंगठ्याखाली धरून उतरवला. शिपाई जांभई देत होता. मग बंदूक नळी आभाळाकडे करून त्याने खांद्याला लावली आणि उरलेल्या निम्म्या नाचणीसाठी डोंगर चढायला लागला.