कोऱ्या जागेतला डोळा

आधी मीनाताईंचं नाव घेतो. हौगांगला राहतात, लोकांचे अकाउंट्स बघतात. नववीत शाळा सोडलेल्या मला सिंगापूरमध्ये हे काम मिळालं ते त्यांच्या शब्दावर. आता भुताखेतांचं म्हणाल तर... असले अनुभव वाचून मी हसायचो. रिकामटेकड्यांचे उद्योग, दुसरं काय!

आमचे सर बुकित तिमाहला घरीच जुन्या पद्धतीचे निळे फोटो छापतात. पाच फुटी कागदावर रसायनाचा लेप मी द्यायचा, मग वर निगेटिव्ह ठेवून कागद उन्हात, आणि पाण्यात धुतला की निळं चित्र उमटतं; लेप नसेल तिथे कागद पांढराच. लेप पिवळट आणि खोलीतला बल्बही पिवळा, त्यामुळे चुकून राहिलेली जागा दिसतच नाही.

त्या शनिवारी सरांच्या आईंचा फोटो होता. मोठा कागद शेवटचा. दुपारी ऊन देऊन निगेटिव्ह उचललं, तर बाकी कागद राखाडी आणि डाव्या डोळ्याच्या जागी तळहाताएवढा पांढराशुभ्र डाग! तिथे माझा ब्रश फिरलाच नव्हता. काम गेलं की इथे राहायचा पास गेला, पास गेला की घरी.

सरांच्या फाइली बघायला आलेल्या मीनाताई शेजारीच होत्या. म्हणाल्या, "संदीप, लपवू नकोस. पाण्यात टाकायच्या आधी सांग."

सांगितलं. सर खुर्चीतून उठलेही नाहीत. "नववीवाल्याकडून अजून काय होणार? धू तो आणि बॅग भर."

धुतला. आणि पाण्यात हळूहळू डोळा वर आला... निळा, पापण्यांसकट.

सर येऊन हसले. "कुठंय रे तुझी पांढरी जागा?"

"मीही पाहिली," ताई म्हणाल्या.

"ताई, तुम्ही आकडे बघा. चष्मा लावून."

ताईंचा चेहरा उतरला, पण शब्द मागे घेतला नाही. "होती म्हणजे होती. आणि चूक स्वतःहून सांगणाऱ्याला काढणार तुम्ही?"

सरांनी मला फोटो वाळत घालायला सांगितलं. मी राहिलो.

आता सर पाहुण्यांना सांगतात, "या डोळ्यात एक एनर्जी आहे." पाहुणे माना डोलावतात. एनर्जी कसली, कपाळ! तिथे लेपच नव्हता. बाजूचा रंग ओघळला असेल म्हणता? ओघळातून पापण्या उमटतात होय? मुद्दाम जागा सोडून छोट्या कागदांवर कितीदा करून पाहिलं — पांढरं ते पांढरंच राहतं. मला अजून काही कळलेलं नाही, आणि घरबसल्या अक्कल पाजळणाऱ्यांनाही कळणार नाही.

ताई, माझ्यापायी तुम्ही हसं करून घेतलंत. एक दिवस तुमचा असाच पाच फुटी फोटो माझ्या हाताने छापून तुमच्या हॉलमध्ये लावीन. शब्द देतो.