ताईचं दार आणि प्रभातफेरी

भाचीचा फोन आला तेव्हा मी गोंदियाच्या वाचनालयात नव्या पुस्तकांवर शिक्के मारत होतो. “मामा, आई गेली,” एवढंच ती म्हणाली. पुढचं पुस्तक मी उघडून ठेवलं होतं, ते तसंच राहिलं…

विमलताई माझी थोरली बहीण. कामठ्याजवळच्या एका खेड्यात तिनं प्राथमिक शाळेत शिकवलं आणि निवृत्तीनंतरही तिथंच राहिली. राष्ट्रीय सणांची गोष्ट मुलांना सांगावी ती तिनंच. भाषण देत नसे, विचारत असे. एका वर्षी पंचवीस जानेवारीला मी तिच्या वर्गात मागे बसलो होतो.

“सव्वीस जानेवारी कायले मनवतो आपण?”

“बुंदी भेटते म्हणून, बाई!”

सगळ्यांबरोबर तीही हसली. “बुंदी तं पंधरा ऑगस्टलेही भेटते. मंग दोन दिवस काऊन?” मग तिनंच सांगितलं, “पंधरा ऑगस्टले घर आपलं झालं. पण घरात कसं राहायचं, हेही ठरवा लागते ना? ते या दिवशी लागू झालं. इथं कोणी वरचा नाही, कोणी खालचा नाही.”

तळ्यापलीकडच्या वस्तीतली एक मुलगी उठली. “मंग फेरी आमच्याकडं काऊन येत नाही, बाई?”

प्रभातफेरी वर्षानुवर्षं चावडीपाशीच वळून परत येई. धानाच्या बांध्यांतून वाट आहे, उशीर होतो, असं मोठी माणसं सांगत. दुसऱ्या दिवशी ताई मुलांच्या पुढे चालली आणि चावडीपाशी वळलीच नाही. “ओ बाई, रस्ता चुकून राहिल्या!” मागून कोणी ओरडलं. “इतके वर्ष चुकून राहिलो होतो,” ती चालता चालता म्हणाली. तेव्हापासून गावातलं एकही दार फेरीतून सुटलं नाही.

यंदा सव्वीस जानेवारीला तिची तेरवीही झाली नव्हती. आदल्या संध्याकाळी मुख्याध्यापक ताईच्या घरी येऊन म्हणाले, “उद्या फेरी या गल्लीतून नेत नाही. दुःखाचं घर आहे.” भाचीनं मान डोलावली, मीही डोलावली. पण फेरीतून सुटणार ते ताईचंच दार, हे काही केल्या मनातून जाईना.

सकाळी घोषणा जवळ आल्या आणि कोपऱ्यावर थांबल्या. मुख्याध्यापकांशी मुलं हुज्जत घालत होती.

“सर, बाईचं घर सुटून राहिलं.”

“हळू बोला रे, तिथं दुःख आहे.”

“मंग वरडत नाही. पण जाऊ.”

मग नुसती पावलं ऐकू आली. हातातले झेंडे सांभाळत मुलं दारासमोरून मुकाट जाऊ लागली. शेवटच्या चिमुकलीला मात्र राहवलं नाही. “प्रजासत्ताक दिनाचा…” ती हळूच म्हणाली आणि घाबरून इकडंतिकडं पाहू लागली. तेव्हा चौकट धरून उभी असलेली भाची म्हणाली, “विजय असो.”

भाची आता परत सासरी गेली. घराला कुलूप आहे. निघताना मी मुलांना तसं सांगितलं, तर एक मुलगी म्हणाली, “कुलूप राहू द्या आजोबा, पंधरा ऑगस्टले आम्ही तिथूनच जाऊ…”