उत्तरेचा उजेड आणि आमची मामी

आमच्या चिंचवडच्या मामीचा ऐकीव गोष्टीवर विश्वास बसत नसे. सांगणाऱ्याला ती खोटं पाडायची असं नाही. तो बोलत असताना मन लावून ऐकायची, मध्ये मध्ये हुंकार द्यायची, आणि त्याचं संपलं की पदर खोचून म्हणायची, "बघून येऊ." पलीकडच्या आळीत गाईला जुळं झालं, बघून येऊ. पवनेच्या पुरात घाट बुडाला, बघून येऊ. मी तिच्याकडे राहायला आलो त्याच आठवड्यात पिंपरीच्या कारखान्याच्या धुराड्याची उंची मी जरा फुगवून सांगितली, तर दुसऱ्या दिवशी दुपारी मामी कारखान्याच्या फाटकाबाहेर हजर. मान वर करून तिनं ते धुराडं नीट पाहून घेतलं आणि मला म्हणाली, "तू सांगितलंस तेवढं नाहीये. पण चांगलंय."

तो औषधांचा कारखाना तेव्हा नुकता उभा राहिला होता. आजूबाजूला माळ, बाभळी आणि ज्वारीची शेतं. मी सातारच्या बाजूचा, नोकरीसाठी आलेला. कारखान्याच्या स्टोअरमध्ये लागलो आणि चिंचवड गावठाणात मामाकडे राहू लागलो. मामा चिंचवड स्टेशनवर तिकीटबाबू होता. खिडकीतून त्यानं लोकांना कुठकुठली तिकिटं दिली, पण स्वतः कधी हौसेनं गाडीत बसला नाही. प्रवासाचा विषय निघाला की तो म्हणायचा, "जाणारी माणसं मी रोज बघतो. एकाचाही चेहरा सुखी नसतो." त्यामुळे मामीचं 'बघून येऊ' पायी जाऊन संध्याकाळच्या आत परत येण्याइतक्या अंतरातच फिरत राहिलं होतं.

आणि अशात इंगळेबाई आली.

तिचं खरं नाव इंग्रिड. कारखान्यातली थंड खोल्यांची यंत्रं बसवायला नॉर्वेहून एक साहेब आला होता, त्याची ही बायको. उंच, लालबुंद गालांची, सायकलवरून सगळा मुलूख पालथा घालणारी. एके दिवशी गावठाणात नेमक्या मामीच्या दारात तिच्या चाकात बाभळीचा काटा गेला. मामीनं तिला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं, पोहे दिले आणि नाव विचारलं. बाईनं सांगितलं ते मामीला 'इंगळे' असं ऐकू आलं, आणि ओळखीचं आडनाव निघाल्यामुळे परकेपणाचा प्रश्न तिथंच मिटला. पुढं आळीतल्या बायकाही 'तुमच्या इंगळेबाई आल्या होत्या' असंच म्हणू लागल्या. ह्या इंगळे नगरकडच्या की विदर्भातल्या, एवढीच चौकशी काही दिवस चालली.

मामीला इंग्रजी येत नव्हतं आणि इंगळेबाईला मराठी. तरी दोघींचं बोलणं अडलेलं मला आठवत नाही. मी दुभाषा म्हणून मध्ये बसलो की मात्र अडायचं.

थंडीच्या सुरुवातीला एका सकाळी अंगणात गप्पा चालल्या होत्या. मामी म्हणाली की यंदा गारठा फार आहे. त्यावर इंगळेबाई पोट धरून हसली. मग तिनं सांगितलं की तिचं माहेर नॉर्वेच्या पार उत्तरेला, समुद्रकाठच्या एका खेड्यात आहे. तिथं हिवाळ्यात सूर्य उगवतच नाही आणि आकाशात हिरवा उजेड नाचतो. 'नाचतो' हे मला मराठीत नीट सांगता येईना. तेव्हा ती उठली, दोरीवर वाळत घातलेलं मामीचं हिरवं लुगडं दोन्ही हातांनी धरलं, वाऱ्यावर लाटांसारखं हलवलं आणि आभाळाकडे बोट दाखवलं.

मामी बराच वेळ त्या लुगड्याकडे बघत राहिली. कोण करतं ते, असं तिनं मला विचारलं. मी म्हणालो, कोणी करत नाही, आपोआप होतं. मग तिनं पदर खोचला. मामा आत दाढी करत होता. बाहेरचं 'बघून येऊ' ऐकून त्याच्या हनुवटीला ब्लेड लागलं.

आधी आम्हाला वाटलं, चार दिवसांत विसरेल. पण साहेबाचा सख्खा भाऊ एका मालवाहू बोटीवर अधिकारी होता. ती बोट वर्षातून एकदा मुंबईला लागायची आणि तिच्यात दोन माणसांची सोय होऊ शकत होती. पुढच्या हिवाळ्याला या, राहायला माझं माहेर आहे, असं इंगळेबाईनं मनापासून सांगितलं. मग मामीला धरून ठेवणं कोणालाच शक्य नव्हतं.

तिच्या शंका अगदी मुद्द्याच्या असत. सूर्य उगवत नाही तर माणसं उठतात कशी? तुळशीला पाणी कधी घालतात? तुळस नाही म्हटल्यावर तो प्रश्न निकालात निघाला, पण मोठा प्रश्न पुढं होता. चिंचवड हे गणपतीचं गाव, आणि मामीची संकष्टी कधी चुकलेली नव्हती. तिथं चंद्रोदय किती वाजता होतो, हे विचारायला तिनं मला मुद्दाम साहेबाच्या बंगल्यावर पाठवलं. इंगळेबाईनं नवऱ्याशी चर्चा केली आणि सांगितलं की भर हिवाळ्यात पौर्णिमेच्या आसपास काही दिवस तिकडे चंद्र मावळतच नाही. हे ऐकून मामीचा चेहरा उजळला. "म्हणजे उपास धरायच्या आधीच सुटला," ती म्हणाली. "देवानं किती विचार केलाय बघ."

मग तयारी सुरू झाली. पिंपरी कॅम्पातल्या एका सिंधी दुकानदाराकडून ती एवढी लोकर घेऊन आली, की घरात किती बाळंतपणं आहेत असं त्यानं आदबीनं विचारलं. इंगळेबाईनं तिला विणायला शिकवलं. पहिला स्वेटर मामासाठी झाला आणि तो त्याच्या गुडघ्यापर्यंत आला. मामी म्हणाली, बरंच झालं, गुडघ्यालाही थंडी वाजते. घोंगडी आणायला आम्ही निघोज्याला एका धनगराकडे गेलो. त्यानं कुठं जायचं म्हणून विचारलं. मामीनं सगळं समजावून सांगितलं, हातानं हिरव्या लाटाही करून दाखवल्या. म्हातारा शांतपणे म्हणाला, "आमास्नी न्हाई ठावं. पर घोंगडी घ्या जाड. बघण्याच्या नादात मानूस गारठ्याकडं ध्यान देत न्हाई." असा समजूतदार माणूस आपल्या घरात एकही नाही, असं मामी परतीच्या वाटेवर बैलगाडीत दोनदा म्हणाली.

मामाचा विरोध शांत स्वरूपाचा होता. तो भांडत नसे. जेवताना बुडालेल्या बोटींची माहिती सांगे. मामी त्याला आणखी भात वाढे.

थंडीचा सराव करायची कल्पना मामीचीच. आमच्या कारखान्यात औषधं ठेवायची एक थंड खोली होती. साहेबाला ही कल्पना इतकी आवडली, की त्यानं स्वतः परवानगी काढली आणि रविवारी सकाळी किल्ली घेऊन दारात उभा राहिला. मामी नऊवारीवर स्वेटर, त्यावर मामाचा रेल्वेचा कोट, त्यावर घोंगडी अशी आली. मामाला साक्षीदार म्हणून आणलं होतं. साहेबानं दार उघडलं, आतून पांढरी वाफ आली, आणि मामी देवळात शिरावं तशी उजवा पाय पुढं टाकून आत गेली.

दार लागलं. आम्ही बाहेर उभे. मामा आधी छताकडे बघत होता, मग दाराकडे, मग घड्याळाकडे. साहेब हसून सांगत होता की आत काही विशेष थंडी नाही, त्याच्या गावात याला पावसाळा म्हणतात. मी ते मामाला सांगितलं, पण त्याचं लक्ष नव्हतं. थोड्या वेळानं तो एकाएकी पुढं झाला, त्यानं दाराचा दांडा ओढला आणि अंगातल्या साध्या सदऱ्यानिशी आत घुसला.

आत मामी एका उलट्या खोक्यावर बसून जपमाळ ओढत होती. तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि शेजारचं खोकं दाखवलं. म्हणाली, "आलात ना? मग बसा जरा. सवय होईल." आणि मामा बसला. आम्ही दारातून बघत होतो. दोघं शेजारी शेजारी, तोंडातून वाफा निघताहेत, आणि मामी आपली अर्धी घोंगडी त्याच्या खांद्यावर टाकते आहे. त्यानंतरचा आठवडा मामानं काढा पिण्यात घालवला. मामीला शिंकसुद्धा आली नाही. "सराव कोणाला हवाय ते कळलं," एवढंच ती म्हणाली.

पासपोर्टच्या चौकशीला चौकीवरून हवालदार आला तो प्रसंग मात्र मी स्वतः पाहिला नसता तर मीही विश्वास ठेवला नसता. ओट्यावर बसून, चहा पिऊन त्यानं विचारलं, परदेशी कशापायी जायाचं? मामी म्हणाली, आकाश बघायला.

हवालदारानं बशी खाली ठेवली. त्यानं आधी अंगणातून वर पाहिलं, मग माझ्याकडे. "हितलं आभाळ काय वाईट हाय?"

"वाईट नाही," मामी म्हणाली. "पण हे बघून झालंय."

तिकडे कोणाकडे उतरणार, हा पुढचा प्रश्न. इंगळ्यांकडे. कुठले इंगळे? नॉर्वेचे. हवालदार जरा घुटमळला, आपली सासुरवाडीही इंगळ्यांचीच आहे असं म्हणाला आणि उठला. त्या रात्री मामा मला म्हणाला की सरकार आता नक्की नाही म्हणेल. त्याच्या आवाजात आशा होती. पण पासपोर्ट आले. दोन. मामीनं त्याचाही अर्ज भरून सही करवून घेतली होती, आणि आपण कशावर सही करतो आहोत हे माहीत असूनही त्यानं ती केली होती. आपल्याला ते माहीत होतं, हे त्यानं आमच्यापासून लपवलं होतं.

पावसाळा संपला. मेतकूट, भाजणी, तीन प्रकारच्या चटण्या डब्यांत भरून तयार झाल्या. आणि एका दुपारी इंगळेबाई आली ती सायकल हातात धरून, चालत. साहेबाचं इथलं काम संपलं होतं, पण मायदेशी परत न पाठवता कंपनीनं त्याला ब्राझीलला पाठवायचं ठरवलं होतं. भावाची बोटही दुसऱ्या मार्गावर गेली होती. माहेरी तिचे म्हातारे वडील तेवढे उरले होते, तेही थोरल्या मुलाकडे दक्षिणेला राहायला निघाले होते. घर बंद होणार होतं. हे सगळं मला मराठीत सांगायला लावू नकोस, असं मला तिला सांगावंसं वाटत होतं. सांगायची वेळच आली नाही. इंगळेबाई रडायला लागली आणि मामीला सगळं कळलं. मामीनं तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि ब्राझीलला उन्हाळा असतो का, तिकडे भाज्या काय मिळतात, असलं काहीबाही विचारत राहिली.

निरोपाला आम्ही स्टेशनवर गेलो. मामीनं चटण्यांचे डबे इंगळेबाईच्या सामानात घातले. मामा खिडकी सोडून फलाटावर आला होता. गाडी हलल्यावर इंगळेबाईनं दारातून हात हलवला आणि शुद्ध मराठीत ओरडली, "मामी, येते." जायच्या वेळी 'जाते' म्हणायचं नसतं, हे तिला मामीनंच शिकवलं होतं.

त्यानंतर घर विचित्र झालं. मामी स्वयंपाक करायची, देवपूजा करायची, हसायचीसुद्धा. पण पिंपरीच्या माळावर सर्कस आली आणि त्यात पाण्यात राहणारा घोडा आहे असं मी सांगितलं, तेव्हा तिनं नुसता हुंकार दिला. आळीत नवा रेडिओ आला, तोही तिनं बघितला नाही. मामा हे सगळं टिपत होता. एकदा जेवताना त्यानंच तिला विचारलं, सर्कशीला जायचं का. ती म्हणाली, पाण्यातला घोडा तो, असेल तसाच. मामाचा घास हातातच राहिला. इतक्या वर्षांत तिनं न बघता काही मान्य केल्याचं त्यानं पहिल्यांदाच ऐकलं होतं.

जानेवारीत एके संध्याकाळी तो घरी आला तो गुडघ्यापर्यंतचा स्वेटर घालूनच. खिशातून त्यानं रेल्वेचा पास काढून पाटावर ठेवला. नोकरीत एवढी वर्षं झाली होती, पण हक्काचा पास त्यानं कधी मागितला नव्हता. रेल्वेतल्या त्याच्या साहेबालाच धक्का बसला असणार. मामीनं विचारलं, कुठला? मामा भिंतीकडे बघत म्हणाला, "पठाणकोटचा. आपल्या देशात रूळ उत्तरेला तिथवरच जातात. पुढचं माझ्या खात्यात येत नाही."

मामी उठली आणि घोंगड्या झटकू लागली.

आता मामी जाऊन बरीच वर्षं झाली. पठाणकोटची गोष्ट मी तिच्याकडून फारशी ऐकली नाही. ती सांगायची मामाला हौस. पेन्शनीत गेल्यावर ओट्यावर बसून तो आल्यागेल्याला ती ऐकवायचा आणि दर वेळी गाडीतली गर्दी थोडी वाढवायचा. पण शेवटाला तो काहीच वाढवत नसे. पोचल्याच्या संध्याकाळी त्यांनी स्टेशनवरच्या मुक्कामाच्या खोलीत सामान टाकलं आणि चालत चालत फलाट संपतो तिथं गेले. एका बाकावर घोंगडी पांघरून बसले. समोर लांबवर बर्फाचे डोंगर होते. ते आधी पांढरे होते, मग तांबूस झाले, मग राखाडी. फलाटावरचा एक हमाल दोनदा येऊन गेला, ही म्हातारी जोडी गाडी चुकून बसली आहे असं वाटून. कहाँ जाना है, बाबूजी? मामानं त्याला त्याच्या त्या हिंदीत सांगितलं की जाना नहीं है, हम देखने को आया है. क्या देखने को, हे हमालानं विचारलं नाही.

अंधार पडला. पहिल्या चांदण्या आल्या. आकाशात हिरवं असं काही नव्हतं. मामा म्हणायचा, मला वाटलं, आता ही रडणार. म्हणून मीच विचारलं, काही दिसलं का?

मामीनं मान वर करून सगळं आकाश नीट पाहून घेतलं होतं. "दिसलं काही नाही," ती म्हणाली. "पण दिशा बरोबर आहे."

मामानं बाकावर पाय वर घेतले, घोंगडीचं टोक पायाखाली खोचलं आणि म्हणाला, "मग बसू अजून थोडा वेळ."